पडद्यावरची अक्षरे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना फळ्यावर जे काढून दाखविले, ते येथे शब्दांत सांगितले आहे.)



चिटणीससाहेबांचे पत्र आले तेव्हा त्यात विषय लिहिला होता, 'दूरदर्शन व व्हिडिओ क्षेत्रातील संधी'. मी पत्र दोनदा वाचले. या क्षेत्रात मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला हे खरे, पण कॅमेऱ्यासमोर एकदाही उभा राहिलो नाही आणि कॅमेरा चालविलाही नाही. माझे सारे आयुष्य पडद्याच्या खालच्या पट्टीत गेले. तेव्हा संधींविषयी बोलण्यास अधिक लायक माणसे आहेत. मी त्या पट्टीविषयी बोलेन.

आपण बातम्या पाहता. एक माणूस बोलू लागतो आणि त्याच्या छातीखाली त्याचे नाव येते, नावाखाली हुद्दा येतो, चार-पाच सेकंदांत ते निघून जाते. हे नाव कोण लिहितो, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडला असेल? मला तरी नोकरी लागेपर्यंत पडला नव्हता.

माझ्या वालिदांचा चिपळूणला पाट्या रंगविण्याचा धंदा होता. दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावे, लग्नाच्या मंडपावरचे कापडी फलक. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही लिपी त्यांच्या हातात होत्या. ते आधी दोरी मारून दोन रेषा आखीत आणि मग त्या रेषांत अक्षरे बसवीत. मी त्यांच्या हाताखाली ब्रश धुण्यापासून सुरुवात केली. १९८१ साली मुंबईतील एका स्टुडिओत कॅप्शन लिहिणारा माणूस पाहिजे असल्याचे कळले, तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कागदावर स्वतःचे नाव तीन लिपींत लिहून घेऊन गेलो. तेवढ्यावर नोकरी लागली. आज लागणार नाही.

त्या वेळी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्र यावयाचे होते, ते १९८२ साली आले. पडद्यावर अक्षरे आणण्याची रीत तेव्हा अगदी साधी होती. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहावयाचे, तो पुठ्ठा एका घोडीवर ठेवावयाचा आणि त्याच्यासमोर दुसरा कॅमेरा लावावयाचा. एका कॅमेऱ्यात बोलणारा माणूस, दुसऱ्यात पुठ्ठा. यंत्र दुसऱ्या चित्रातला काळा भाग वगळी आणि पांढरा तेवढा पहिल्या चित्रावर चढवी. त्याला आम्ही 'सुपर' म्हणत असू. कार्यक्रमाच्या शेवटी जी नावांची यादी वर सरकत जाते, ती एका लांब काळ्या कागदावर लिहून रुळाला गुंडाळीत आणि एक माणूस हाताने तो रूळ फिरवी. त्याला शिंक आली तर दिग्दर्शकाच्या नावाला धक्का बसे.

पुढे हे काम यंत्राने होऊ लागले. त्याला कॅरेक्टर जनरेटर म्हणतात. टंकलेखन यंत्रासारखी कळफळी, पण अक्षर कागदाऐवजी पडद्यावर उमटते. अमेरिकेत चायरॉन नावाच्या कंपनीची यंत्रे इतकी पसरली की तेथे नावाच्या पट्टीलाच 'चायरॉन' म्हणतात. इंग्लंडमध्ये अॅस्टन नावाची कंपनी होती; आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांत आजही "त्याचा अॅस्टन लाव" असे म्हणतात, आणि म्हणणाऱ्या मुलाला अॅस्टन हे कंपनीचे नाव होते हे ठाऊक नसते. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसेच हे.

आता थोडे शास्त्र सांगतो. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, मोठ्यांनी कंटाळा आल्यास माफ करावे.

जुन्या दूरदर्शन संचातले चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे, त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र. सेकंदाला २५ चित्रे. परंतु प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगविले जाई, आधी एकाआड एक अशा रेषा, मग मधल्या राहिलेल्या. आता समजा, एखादी आडवी रेघ इतकी बारीक आहे की ती एकाच रेषेवर मावते. ती पहिल्या हप्त्यात दिसेल, दुसऱ्यात दिसणार नाही. म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा ती लुकलुकणार. इंग्रजी लिपीला याचा त्रास कमी, कारण तिच्यात आडव्या रेघा थोड्या. आपल्या देवनागरीच्या डोक्यावर मात्र अखंड शिरोरेखा! बारीक वळणाची अक्षरे टाकली की सगळे नाव डोक्यापासून थरथरू लागे. मी पहिल्या महिन्यात एका गायकाचे नाव फार सुबक, नाजूक लिहिले होते. पडद्यावर ते थंडीने कुडकुडत असल्यासारखे दिसले. मुख्य तंत्रज्ञ म्हणाले, "मियाँ, शिरोरेखा जाड करा, सौंदर्य मागाहून." वालिद होड्यांवर जाड अक्षर का लिहीत ते मला तेव्हा कळले. समुद्रात होडीही थरथरतेच.

दुसरी गोष्ट कडेची. जुन्या संचाची काच चित्राची कड झाकून टाकी, आणि प्रत्येक संच निराळ्या मापाने झाकी. म्हणून नियम असा झाला की चित्राच्या मधल्या ऐंशी टक्के रुंदी-उंचीच्या आतच अक्षर ठेवावे. नवे सपाट पडदे आल्यावर २००९ साली हे माप नव्वद टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आले. इंग्रजी अक्षर एका ओळीत बसते, पण आपले अक्षर तीन मजली असते. वर मात्रा, वेलांट्या, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत मराठी घातले की वरच्या मात्रेचे डोके उडते नाही तर खालच्या उकाराचे पाय. 'कुर्ला' चा 'कर्ला' झालेला मी पाहिला आहे, आणि तो लिहिणाऱ्याची चूक नव्हती, पट्टी आखणाऱ्याची होती.

रंगाचेही तसेच. जुन्या पद्धतीत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा पुष्कळच कमी पोहोचत असे. म्हणून निळ्यावर तांबडे अक्षर काढले की ते शाई फुटल्यासारखे पसरे. पांढरे किंवा फिकट पिवळे अक्षर, त्याला काळी कड, हे त्यातले सर्वांत खात्रीचे. आजच्या यंत्रांना ही अडचण नाही, तरी आज पडद्यावर सात रंगांच्या सात पट्ट्या एकाच वेळी धावताना पाहिल्या की जुनी अडचण बरी होती असे मनात येते. ही धावती पट्टी कायमची कशी आली तेही सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत हल्ला झाला, तेव्हा बातम्या इतक्या येऊ लागल्या की निवेदकाला त्या सांगून पुऱ्या होईनात. तेथील वाहिन्यांनी खाली अखंड धावती पट्टी सुरू केली. संकट ओसरले, पट्टी राहिली, आणि जगभर पसरली.

यंत्रात देवनागरी आणणे हा एक निराळाच इतिहास आहे. शिक्षक मंडळींना ठाऊक असेल की 'कि' मध्ये आपण बोलताना आधी क म्हणतो, मग इ. पण वेलांटी दिसते मात्र क च्या आधी. यंत्राला हे शिकवावे लागते. न शिकलेल्या यंत्रात 'शिक्षण' टंकले की वेलांटी क्ष च्या डोक्यावर जाऊन बसते. आयआयटी कानपूरमध्ये या कामाचा पाया घातला गेला, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तेथील 'जिस्ट' या तंत्राने भारतीय लिपी संगणकावर व पडद्यावर आणण्याचे मोठे काम केले. पुढे युनिकोड आले. तरीही परदेशी ग्राफिक्स यंत्रांत मराठी नीट दिसावी म्हणून आम्हाला कितीतरी वर्षे झगडावे लागले.

मराठीचे एक खास दुखणे आहे. हिंदीसाठी बनविलेल्या अक्षरसंचांत आपला अर्धा ऱ्य पुष्कळदा नसे. मग 'दऱ्या' लिहावयाचे असताना 'दर्या' उमटे. सह्याद्रीच्या दऱ्यांत पाऊस पडला ही बातमी दर्यात पाऊस पडल्याची होई! कोकणातल्या माणसाला हा फरक सांगावयास नको. आचाऱ्याचा सत्कार होता तो आचार्याचा झाला, हे तर नेहमीचेच.

आणि आता नावांकडे येतो, कारण माझे खरे बोलणे येथूनच सुरू होते.

मराठीत आपण नुक्ता देत नाही. हिंदीत देतात, निदान द्यावा असे मानतात. उर्दू नाव दिसले की नुक्ता हवाच, अशी काही लिहिणाऱ्यांची समजूत असते. आता अब्दुल जलील हे नाव घ्या. जलील म्हणजे थोर, प्रतापी. ज खाली एक टिंब दिले की ज़लील, म्हणजे नीच, बेअब्रू. दोन्ही शब्द उर्दूत अगदी निराळ्या अक्षरांनी लिहितात, पण देवनागरीत त्यांच्यात केवळ एका टिंबाचे अंतर आहे. एका सत्कार समारंभाच्या हिंदी बातमीत एका वयोवृद्ध गृहस्थांच्या छातीखाली हे टिंब मी पाहिले आहे. लिहिणाऱ्याने आदराने दिले होते! उलट बाजूही आहे. क़मर म्हणजे चंद्र. टिंब गेले की कमर. मुलीचे नाव चंद्र ठेवावे आणि लोकांनी कंबर वाचावे. आपल्या मुलांची नावे जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, अशी असतात आणि आपण म्हणतो, "चालतं." चालत नाही. पट्टी लिहिणारा मुलगा त्या तीनपैकी कोणते घेईल हे त्याच्या हातात असते.

उर्दूची पट्टी तर आणखी निराळी. मराठी-इंग्रजीची पट्टी उजवीकडून डावीकडे धावते, म्हणजे वाक्याचा आरंभ आधी दिसतो. उर्दूची पट्टी डावीकडून उजवीकडे धावली पाहिजे. नस्तालीक लिपीत शब्द तिरपा उतरत येतो, त्याला उंची लागते. अरुंद पट्टीत तो बारीक करावा लागतो. या लिपीसाठी पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकृती हाताने लिहून घेऊन मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' हा संच तयार केला आणि १९८१ साली त्यात दैनिक छापले गेले. त्याच वर्षी मी पुठ्ठ्यावर ब्रशाने नावे लिहीत होतो! वालिदांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात कोणाचा, ते तरी लिहिलंय का खाली?"

असो. माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. मी ती आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

२००४ साल. मी एका वृत्तवाहिनीत पट्ट्यांच्या यंत्रावर होतो. त्या यंत्रात प्रत्येक पट्टीला पानाचा आकडा असतो. बातमीच्या क्रमानुसार पाने आधीच भरून ठेवतात; वेळ आली की आकडा टाकून कळ दाबावयाची. त्या संध्याकाळी एका जिल्ह्याच्या गावातील पतपेढीत चोरी झाल्याची बातमी होती. त्यात दोन माणसे दिसणार होती. एक, पोलिसांच्या गाडीत बसविला जाणारा इसम. त्याची पट्टी 'ताब्यात घेतलेला संशयित'. दुसरा, पतपेढीतला तरुण कारकून, ज्याने सकाळी तुटलेले कुलूप प्रथम पाहून पोलिसांना कळविले होते. त्याच्या पट्टीवर त्याचे नाव आणि हुद्दा. प्रक्षेपण चालू असताना वरून हुकूम आला, क्रम बदला, आधी कारकून घ्या. चित्र बदलले. माझ्यापर्यंत निरोप आला तेव्हा माझे बोट कळेवर होते.

सात सेकंद. त्या तरुणाच्या छातीखाली 'ताब्यात घेतलेला संशयित' ही अक्षरे सात सेकंद राहिली. मी स्वतःच काढली, पण सात सेकंद म्हणजे किती, हे पट्ट्या लावणाऱ्या माणसाला विचारा. आमचा जुना नियमच असा की पट्टी दोनदा मोठ्याने वाचून होईल इतका वेळ ठेवावी. सात सेकंदांत लोकांनी ती तीनदा वाचली असेल.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. पतपेढीने मुलाला "काही दिवस घरी बसा" असे सांगितले होते. घरात लग्नाची बोलणी चालली होती, ती मंडळी येतो म्हणून आली नव्हती. वाहिनीने त्या रात्री अकराच्या बातम्यांत धावत्या पट्टीत एका ओळीची दिलगिरी दिली. चूक संध्याकाळी सातला, दुरुस्ती रात्री अकराला. चूक छातीखाली, दुरुस्ती चित्राच्या तळाशी, पावसाच्या अंदाजाच्या आधी. मी वरिष्ठांना म्हटले, त्याच वेळेला, त्याच जागी द्या. ते म्हणाले, एवढे कोण पाहतो.

मी रजा घेऊन त्या गावी गेलो. दुरुस्त केलेल्या बातमीची कॅसेट बरोबर नेली होती. त्यांच्या घरी ती लावण्याचे यंत्र नव्हते. शेजाऱ्याकडे होते. वडिलांनी आळीतली दहा-बारा माणसे बोलावली, पतपेढीचे चेअरमनही आले. कॅसेट लावली. त्या तरुणाच्या छातीखाली त्याचे स्वतःचे नाव आले आणि वडील उठून पडद्याजवळ गेले, बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले. त्यांना वाचावयास वेळ लागत होता. मी यंत्र थांबवून धरले.

मग त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे हे लिहितं कोण?"

मी म्हणालो, "मीच."

ते काही बोलले नाहीत. आतून चहा आला. महिन्याभराने मुलाला कामावर परत घेतल्याचे पत्र त्यांनी मला पाठविले. लग्नाविषयी त्यात काही नव्हते, आणि मी विचारले नाही.

परत आल्यावर मी एकच केले. आमच्या विभागात चहा आणणारा एक मुलगा होता, दहावी झालेला. कामाच्या वेळी मी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवू लागलो. पट्टी लावण्याआधी त्याने ती मोठ्याने वाचावयाची आणि पडद्यावरच्या माणसाकडे पाहावयाचे, बस्स. पहिल्याच आठवड्यात त्याने चार चुका पकडल्या. त्यांतल्या दोन माझ्या होत्या. तो आज स्वतः ग्राफिक्सच्या यंत्रावर बसतो आणि माझ्या चुका लोकांना सांगतो.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. पडद्यावरचे अक्षर बदनामी करू शकते, तसे ते वाचावयासही शिकवू शकते. अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याचा अभ्यास केला. त्यांची कल्पना अशी की हिंदी गाण्याखाली हिंदीतच त्याचे बोल द्यावेत, आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग बदलावा. गाणे लोकांना पाठ असतेच. कान पुढे असतो, डोळा मागून अक्षर ओळखू लागतो. १९९९ साली गुजरातमध्ये दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमात हा प्रयोग झाला, आणि २००२ पासून 'चित्रहार'मध्ये देशभर. ज्यांची शाळा लवकर सुटली, ज्यांचे वाचन अडखळते, अशांचे वाचन याने सुधारते असे या अभ्यासात दिसून आले. कसलाही वर्ग नाही, फी नाही, लाजही नाही. त्या पतपेढीतल्या तरुणाच्या वडिलांना पाहिल्यापासून मला हा प्रयोग कागदावरचा राहिलेला नाही.

आज आपल्या प्रत्येकाच्या फोनवर ही सोय आहे. कार्यक्रम ज्या भाषेत आहे त्याच भाषेतली खालची अक्षरे चालू करा. इंग्रजी कार्यक्रमाला इंग्रजी, हिंदीला हिंदी. मुलांना आणि घरातल्या मोठ्यांनाही. आपल्यात ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी तर ती अक्षरे हाच आवाज आहे. २०१९ साली सरकारने वाहिन्यांसाठी याचे नियमही काढले. मात्र एवढे ध्यानात ठेवा की पुष्कळ ठिकाणी ही अक्षरे आता यंत्र आपोआप लिहिते, आणि यंत्राला आपली नावे मुळीच कळत नाहीत. पाठ्यक्रमाचे भाषण ऐकताना मुलाने खालचे अक्षर तेच खरे मानू नये, ऐकावे आणि पडताळावे.

विद्यार्थ्यांनी संधींविषयी विचारले आहे म्हणून थोडक्यात. या कामाला आज संगणकाचे तंत्र लागते, ते कुठल्याही संस्थेत सहा महिन्यांत शिकता येते. जे सहा महिन्यांत शिकता येत नाही ते म्हणजे शुद्धलेखन. ज्याला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जमल्यास उर्दू, या चारही भाषांत डोळे उघडे ठेवून लिहिता येते, त्याची गरज मला प्रत्येक कार्यालयात भासली, आणि असा मुलगा क्वचितच मिळाला. आपल्या शाळेत तो असेल. मराठीच्या तासाला बाकाखाली डोके घालून बसू नका एवढेच सांगतो. मी बसत असे, आणि ऱ्ह आणि र्ह मला तिसाव्या वर्षी शिकावे लागले.

एक काम देऊन जातो. आज रात्री बातम्या लावा आणि आवाज बंद करा. हातात वही घ्या. अर्ध्या तासात पडद्यावर जी नावे येतील ती जशीच्या तशी उतरवून घ्या. कोणते चुकले, कोणत्याची मात्रा तुटली, कोणते वाचून होण्याआधी गेले, ते समोर लिहा. वह्या सोमवारपर्यंत मुख्याध्यापकांकडे जमा करा, त्यांनी त्या माझ्याकडे पाठविण्याचे कबूल केले आहे. मी प्रत्येक वही वाचीन आणि तांबड्या शाईने परत करीन. वहीवर स्वतःचे नाव मात्र पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट, आणि तुमच्या घरी जसे म्हणतात तसे.